पाण्यात उतरण्याआधीचा नारळ

सुरतेच्या डिंडोलीत धम्मरत्न कुठे राहतो असं विचारलं तर लोक डोकं खाजवतात. पण पाण्यातला धम्मा म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. सत्तेचाळीस वर्षांचा, ठेंगणा, खांद्यात रुंद आणि बोलताना उगाच मोठ्यानं बोलणारा माणूस, कारण पाण्याखाली राहून राहून त्याला ऐकू जरा कमी येतं. गल्लीतले बाकीचे लूमवर, साडीच्या दुकानात नाहीतर रेल्वेत. हा एकटाच नदीच्या तळाशी कामाला जातो. काठावरच्या कारखान्यांनी पाणी ओढायला तापीत गोल विहिरी बांधल्या आहेत. त्यांच्या तोंडाला लोखंडी जाळ्या असतात आणि त्या जाळ्यांत जलपर्णी, प्लास्टिक, चुनऱ्या, हार आणि एकदा तर अख्खी गादी येऊन अडकली होती. पाठीला हवेची टाकी बांधून खाली जायचं आणि हे सगळं हातानं ओढून काढायचं, हे धम्मरत्नचं काम. खाली डोळ्यांचा काही उपयोग नसतो. तिथलं पाणी म्हणजे दूध जास्त झालेला चहा.

कुणी कौतुकानं विचारलं, खाली भीती नाही का वाटत, तर तो हात झटकतो. खालचं काम सोपं आहे, होडी सोडून पाण्यात शिरायचं तेवढंच अवघड, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा हा विषय निघाला की चहा गार होतो. उभ्यानं मोठं पाऊल टाकून पाण्यात पडता येतं. काठावर पाठमोरं बसून मागे कलंडता येतं. पाय पाण्यात सोडून, दोन्ही हातांवर भार घेऊन हळूच घसरता येतं. नाहीतर शिडीनं उतरायचं आणि टाकी मागाहून दोरानं खाली घ्यायची. यातलं कुठलं बरोबर, असं विचारलं की तो म्हणतो, ते पाण्याला विचारायचं.

पंचविशीत तो पाण्याला काही विचारत नव्हता. तेव्हा त्याची ती मोठ्या पावलाची उडी बघायला पुलावर माणसं थांबायची आणि हा हिरो मास्कवर हात दाबून, छाती पुढे काढून असा काही पडायचा की दोन होड्या भिजायच्या. मग एका वर्षी, गणपती नदीत बुडवायचे तेव्हाची गोष्ट, विसर्जनानंतर चौथ्या दिवशी तो तसाच पडला आणि पाण्याखाली दोन हातांवर एका मोठ्या मूर्तीचा लोखंडी सांगाडा उभा होता. टाच मोडली. तीन महिने तो खाटेवर आणि त्याची आई, रंभाबाई, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसलेली. त्या तीन महिन्यांत रंभाबाई जे जे बोलल्या ते तो आजही तोंडपाठ म्हणून दाखवतो.

त्यानंतर त्याची पद्धत ठरली. आधी बांबू घालून खोली बघायची आणि खाली काही लागतं का ते चाचपायचं. मग नारळ. जाळीत अडकलेले नारळ पुष्कळ मिळायचे, लोक ते तापीला वाहतात. त्यातला एक धड नारळ तो दोन्ही हातांनी अलगद पाण्यावर ठेवायचा, ढकलायचा नाही, आणि तो कुठे जातो, किती वेगानं जातो, कुठे गिरकी घेतो हे तीन-चार मिनिटं बघत राहायचा. विहिरीच्या गोल भिंतीला वळसा घालताना तापी कुठे सरळ असते, कुठे उलटी फिरते. वरून ते कळत नाही. प्रवाह होडीपासून दूर जात असेल त्या बाजूनं उतरायचं, होडीवर येऊन आदळत असेल त्या बाजूनं चुकूनही नाही. त्याच्या कमरेचा दोर धरणारा सुकलाल नंतर जाळ्यानं तो नारळ उचलून घ्यायचा. वीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

सुकलाल मात्र शिरपूरकडचा, आणि तापी त्याच्या गावावरून येते म्हणून तिच्यावर त्याचा माहेरचा हक्क. नारळ पाण्याला लागला की त्याचे हात आपोआप जुळायचे. धम्मरत्ननं त्याला कधी अडवलं नाही. दोर धरताना हात मोकळे असले म्हणजे झालं.

या वर्षी वैशाखात पुलावरून कुणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपलं. पुढे रबरी पोशाखातला धम्मरत्न ओणवा होऊन दोन्ही हातांनी नारळ पाण्यावर ठेवतोय, मागे सुकलाल डोळे मिटून हात जोडून उभा, आणि वर कुणीतरी आरतीचा घंटानाद चढवलेला. खाली गुजरातीत लिहिलं होतं की तापीमैयाचा हा भक्त आधी नारळ वाहतो, मगच पाण्यात पाऊल टाकतो. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ डिंडोली, नवागाम फिरून बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पोचला. मंडळातल्या प्रमिलाबाईंनी तो रंभाबाईंना दाखवला, वर दोनदा दाखवला.

आता रंभाबाई कोण, हे सांगायला हवं. वय चौऱ्याहत्तर. मलकापूरकडून भिवा नावाच्या रेल्वेच्या गँगमनशी लग्न करून सुरतेत आल्या आणि मग पर्वत पाटिया भागातल्या व्यापाऱ्यांच्या साड्यांचे धागे कापण्यात चाळीस वर्षं घालवली. सहा वार साडी एकदा हातातून सरकली की कुठे तार तुटलीय ते त्यांना कळायचं. घरात देवपूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या नव्हत्या, कारण त्या रंभाबाईंच्या वागण्यात होत्या आणि भिंतीपेक्षा जास्त दिसायच्या. विहारात तीस वर्षं वंदना त्याच घेत होत्या. यंदा बुद्धपौर्णिमेला विहाराच्या नव्या हॉलमधली पहिली वंदना होती, पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, आणि घसा बसू नये म्हणून त्यांनी पंधरा दिवस आधीपासून लोणचं सोडलं होतं.

धम्मरत्न कामावरून घरी आला तेव्हा त्याची बायको वृषाली दारातच उभी होती. तिनं भुवयांनीच आतलं हवामान सांगितलं. आत रंभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर ताटात लिंबाचं लोणचं होतं. त्या शांतपणे खात होत्या.

"माया घरात नारळ वाह्यतात, मंग म्या कोन्या तोंडानं म्होरं उभं राह्यचं?" त्या म्हणाल्या. "मंडळाले सांगून देल्लं. दुसरी पाहा म्हणलं."

त्यानं प्रवाह सांगितला, होडी सांगितली, मोडलेल्या टाचेची आठवण दिली. रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. पाणीच बघायचंय तर नारळच कशाला, दुसरं काही तरंगत नाही का? बोलताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्यापायी तिची तीस वर्षांची जागा गेली, हे धम्मरत्नला सहन होईना. उद्यापासून नारळ बंद, असं तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बिस्लेरीची रिकामी बाटली बूच लावून पाण्यावर सोडली. मे महिन्यात सुरतेला समुद्राकडून वारा येतो. बाटली सगळी पाण्याच्या वर, ती ऐटीत वाऱ्याबरोबर नदीच्या उलट्या दिशेनं निघाली. धम्मरत्नला वाटलं, इथे पाणी मागे फिरतंय. तो त्या बाजूनं उतरला. पाणी मागे फिरत नव्हतं. नदीनं त्याला उचलून होडीच्या बुडावर दाबला, टाकी ठणकन आपटली, आणि सुकलालनं दोर ओढून ओढून त्याला पलीकडून बाहेर काढलं तेव्हा उजव्या कोपराची सालटी निघाली होती. सुकलाल त्याला दिवसभर अहिराणीत शिव्या देत होता. त्या शिव्या प्रेमाच्या असल्या तरी इथे लिहिता येत नाहीत.

घरी हळद भरताना रंभाबाईंनी विचारलं, कुठं पडला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि जमलंही नसतं. बाटलीची हकिगत ऐकून त्यांचा हात थांबला, पण नारळाचं नाव त्यांनी काढलं नाही. मग धम्मरत्नच म्हणाला, "माय, तू वंदनेत रोज म्हणतेस, धम्म येऊन पाहायचा असतो. मग एकदा येऊन पाहा ना. नाही पटलं तर मी कामच सोडतो."

वृषालीनं हातातली वाटी खाली ठेवली. घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि रंभाबाईंनाही. पण रंभाबाईंना येऊन पाहा या शब्दांपुढे नाही म्हणता येईना. ज्या शब्दांनी त्यांना अडवलं ते त्यांचेच होते.

पौर्णिमेला चार दिवस राहिले होते. रविवारी सकाळी सातला सुकलालनं होडी काठाला लावली आणि रंभाबाईंना चढवण्याचा सोहळा सुरू झाला. उडी मारून चढायला त्या तयार, धम्मरत्न तयार नाही. शेवटी फळी टाकली, दोघांनी दोन हात धरले आणि त्या आपल्या चपला काखेत मारून, नदीला काडीचाही मान न देता आत येऊन बसल्या. सुकलालनं त्यांना नारिंगी जॅकेट घातलं. पांढऱ्या लुगड्यावर नारिंगी जॅकेट, त्यावर चष्मा, असं ते ध्यान बघून धम्मरत्नला हसू आवरेना आणि मग त्यांनाही आवरेना. आठवडाभरात घरात कुणी हसलं नव्हतं असं नाही, पण दोघं एकत्र हसले नव्हते.

"मावशी, मी शे ना आठे," सुकलाल म्हणाला. "काय बी चिंता करू नको."

विहिरीजवळ होडी दोन बाजूंनी बांधली. धम्मरत्ननं काठावर फोन लावून पंप बंद असल्याची खात्री केली, कारण पंप चालू असला तर जाळी माणसाला ओढून धरते आणि मग दहा जणांनीही सुटत नाही. हे त्यानं आईला सांगितलं, मग सांगून पस्तावला. रंभाबाईंनी पिशवीतून स्वतः आणलेली बाटली काढली. पिशवीत एक चेंडू आणि लाकडी लाटणंही होतं. परीक्षा घ्यायला आलेली बाई अर्धवट तयारीनं आली नव्हती.

बाटली वाऱ्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला गेली. चेंडू तिच्या मागे. लाटणं थोडं खाली गेलं, आडवं झालं आणि जलपर्णीत अडकून बसलं. वृषालीचं लाटणं ते, पण त्याचं पुढे बघू असं रंभाबाईंनी जाहीर केलं. मग धम्मरत्ननं नारळ ठेवला. नारळ जवळजवळ सगळा पाण्यात, वर फक्त शेंडीजवळचा टाळूएवढा तुकडा. त्याच्यावर वाऱ्याचं काही चालेना. तो सावकाश, जणू कुणी बोट धरून नेतंय तसा समुद्राच्या दिशेनं निघाला.

एकीकडे लांब गेलेली बाटली, दुसरीकडे नारळ, मध्ये रंभाबाई. सुकलालचे हात सवयीनं जुळले, तर त्यांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, तुझं तुझ्यापाशी, माझ्या लेकाचं काय ते मला दिसलं. धम्मरत्नला इतका आनंद झाला की तो आईला सगळंच समजावून सांगायला लागला: पाण्याची बाजू कोणती, इथे उभ्यानं उडी का मारायची नाही, बसून घसरताना हात कुठे ठेवायचे. बोलता बोलता त्यानं टाकी चढवली, पट्टे आवळले, पाय पाण्यात सोडून काठावर बसला. मास्क डोळ्यांवर घेतला. या आनंदाच्या भरात त्यानं एक गोष्ट केली जी वीस वर्षांत केली नव्हती. नारळाकडे बघायचं सोडून दिलं.

रंभाबाई बघतच होत्या. त्यांना दुसरं काम नव्हतं.

"धम्मा," त्या म्हणाल्या, "नदी तं तिकडे चालली ना? मंग हा माघारी काऊन येऊन राह्यला?"

त्यानं मान वळवली. नारळ वीसेक हातांवर थांबला होता. थांबला, अंगाभोवती फिरला आणि विहिरीकडे निघाला. आधी हळू, मग सरळ रेषेत, मग कुणी दोरी लावून ओढावं तसा. जाळीवर आपटून तो तिथेच चिकटून राहिला आणि त्याच्या भोवतीची जलपर्णी सगळ्या बाजूंनी त्याच्याकडे धावू लागली.

धम्मरत्ननं पाय वर घेतले. फोन सुकलालनं लावला. काठावर पाळी बदलली होती. नव्या माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यानं आल्या आल्या पंप सुरू केला होता. सुकलालनं त्याला जे सुनावलं ते फोनशिवायही काठावर ऐकू गेलं असेल. थोड्या वेळानं जाळीवरची जलपर्णी सैल झाली, नारळ सुटला, दोन गिरक्या घेतल्या आणि पुन्हा आपल्या वाटेला लागला.

रंभाबाईंनी लेकाचा गुडघा धरून ठेवला होता, रबरी पोशाखावरून, इतका घट्ट की बोटांना कळ लागली असावी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. धम्मरत्नही रडत होता, पण मास्कच्या आत, म्हणून ते त्याचं त्याला ठाऊक.

"याले हात जोडाचे नाई," शेवटी त्या म्हणाल्या. "पन याले पाह्यल्याबिगर पाण्यात पाय टाकाचा नाई. समजलं?"

समजलं, असं त्यानं मान हलवून सांगितलं. पंपाची किल्ली काढून सुकलालच्या हातात आणून द्या, मगच काम, असा रंभाबाईंनी हुकूम सोडला आणि काठावरचा नवा माणूस दुसऱ्या नावेतून मुकाट्यानं किल्ली घेऊन आला. नारळ उचलून पुन्हा पाण्यावर ठेवला गेला. चार मिनिटं तिघांनीही त्याच्यावरची नजर काढली नाही. मग धम्मरत्ननं आईला विचारलं, आता तूच सांग, कोणत्या बाजूनं उतरू?

रंभाबाईंनी नारळ बघितला, होडी बघितली, दोन्ही काठ बघितले. साडीतली तुटकी तार शोधताना त्या जशा डोळे बारीक करायच्या तसे केले आणि उजव्या हातानं बाजू दाखवली. बरोबर दाखवली. कसं उतरायचं तेही सांगितलं: बसून, हातांवर भार देऊन, घाई न करता, आणि शो बिलकूल करायचा नाही. धम्मरत्न शिकाऊ पोरासारखा त्यांचं ऐकत ऐकत पाण्यात घसरला. आवाजसुद्धा झाला नाही. वर बुडबुडे येत होते तोवर त्यांनी सुकलालला एकदाही दोरावरून नजर काढू दिली नाही. पाऊण तासानं तो जलपर्णीचा भारा आणि वृषालीचं लाटणं घेऊन वर आला.

पौर्णिमेच्या सकाळी धम्मरत्न विहारात पोचला तेव्हा नवा हॉल गच्च भरला होता. तो मागे भिंतीशी उभा राहिला. पुढे पांढऱ्या साडीत रंभाबाई माइकसमोर होत्या, म्हणजे मंडळाला दुसरी कुणी मिळाली नव्हती, किंवा मिळाली असली तरी तिला उठवलं गेलं होतं. माइकच्या टेबलावर एक नारळ होता. नवागामच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन, दहा-बारा हलवून बघून, त्यांनी तो आदल्या दिवशी स्वतः आणला होता. दुकानदारानं अगरबत्ती आणि चुनरी बांधून द्यायची तयारी दाखवली तेव्हा, हा देवाला नाही, लेकाच्या नोकरीला लागतो, असं सांगून त्या त्याला बुचकळ्यात टाकून आल्या होत्या. पिशवीत न घालता, उघड्या हातात धरून, सगळ्या गल्लीसमोरून.

वंदनेआधी त्यांनी सगळी हकिगत सांगितली. बाटली, चेंडू, लाटणं, पंप. धम्मरत्नचा पाय पाण्यात होता तो सांगताना गुडघ्यापर्यंत गेला आणि मग कमरेपर्यंत, पण कुणी हरकत घेतली नाही. मागच्या रांगेतल्या बाया वळून वळून त्याच्याकडे बघत होत्या आणि तो मान खाली घालून चपला शोधल्यासारखं करत होता. शेवटी रंभाबाई म्हणाल्या, ज्यांना अजून शंका असेल त्यांनी येत्या रविवारी होडीवर यावं, जॅकेट चार आहेत.

प्रमिलाबाई पहिल्याच रांगेत होत्या. त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि नारळ दोन्ही हातांत घेऊन कानाशी हलवून बघू लागल्या.

"फोडजो नको, प्रमिला," रंभाबाई माइकमधूनच म्हणाल्या. "उद्या त्याले कामावर जायचं हाय."

मग त्यांनी चष्मा वर सरकवला, हात जोडले आणि वंदना सुरू केली. धम्मरत्नला कमी ऐकू येतं, पण त्या दिवशी मागच्या भिंतीपाशी उभं राहून त्याला आईचा एकूण एक शब्द ऐकू आला.